दोन घरांची लोकर

“मी हसले नव्हते! किती वेळा सांगू? त्या दिवशी मी हसलेच नव्हते!”

“अख्खा वर्ग हसला होता. तू वर्गातच होतीस ना? मग झालं तर.”

“पस्तीस पोरांमध्ये कोण हसलं, कोण नाही, ते तू बघत बसला होतास?”

“बघायची गरजच नव्हती. दप्तर उचलून फाटकाबाहेर गेलो तरी कानात तेच वाजत होतं.”

“मग कान तपासून घे! माझा आवाज त्यात नव्हता.”

भर दुपारी, जूनच्या उन्हात, तिच्याच गच्चीवर आमचं हे चाललेलं. ती कमरेवर हात ठेवून उभी, मी हातात लोकर झोडपायच्या दोन काठ्या घेऊन उभा. मध्ये तिनं आणलेली कॉफी गार होत होती. नारिंगाच्या फुलांच्या पाण्याचा वास येत होता कॉफीला... आणि मला राग आलेला असताना असले वास येऊ नयेत, असं मला वाटत होतं.

वल्लाह, मला माहीतच नव्हतं की हे वसीलाचं घर आहे. माझे आजोबा, बासिदी म्हणतो आम्ही त्यांना, त्लेमसेन गावातले जुने गादीवाले. त्यांनी सकाळी एवढंच सांगितलं, “झोहरामावशीकडे जा. वरच्या गल्लीत, निळं दार. लोकर धुऊन वाळत टाकलीय, झोडपून मोकळी कर. आणि तोंड कमी चालव.” मी गेलो. दोन तास झोडपत होतो. मग जिन्यात पावलं वाजली, नि ट्रे घेऊन ही वर आली.

मी लगेच ओळखलं. चार वर्षं झाली, पण ओढणीतून एक बट बाहेर काढायची सवय तशीच. आणि डोळे... जाऊ दे.

“जलूल?” ती थबकली. “गादीवाल्यांचा जलूल? तूच ना?”

“नाही. त्याचं भूत.”

ती हसली. मग एकदम म्हणाली, “बरं झालं भेटलास! मला तुला एक शब्द विचारायचाय.”

तिथंच सगळं बिघडलं.

कारण माझी शाळा एका शब्दापायीच सुटली होती. नववीत फ्रेंचच्या तासाला बाईंनी गादीचा फ्रेंच शब्द सांगितला, ‘मात्ला’. मी हात वर करून म्हणालो, बाई, हा तर आपलाच शब्द. आपण मत्रह म्हणतो, त्यांनी तो उचलला आणि तोंडात घोळवून घोळवून मात्ला केला. बाई म्हणाल्या, “गादीवाल्याच्या नातवाला झोपेतसुद्धा गाद्याच दिसणार.” वर्ग हसला. मी दप्तर उचललं. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. मग कोणी विचारलंच नाही.

आणि आता ही कॉलेजात इंग्रजी शिकणारी मुलगी माझ्यासमोर फोन काढून वाचत होती.

“बुधवारी मला वर्गापुढे बोलायचंय. एक इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याचा अर्थ सांगायचा आणि तो आला कुठून ते सांगायचं. मी मॅट्रेस घेतलाय. ऐक— इंग्रजांनी घेतला जुन्या फ्रेंचांकडून. फ्रेंचांनी घेतला इटलीवाल्यांकडून. आणि इटलीवाल्यांनी...” तिनं वर बघितलं. “आपल्याकडून. अरबी, मत्रह. तू बरोबर होतास, जलूल.”

मला आनंद व्हायला हवा होता ना? नाही झाला. काय झालं ते मला अजूनही नीट सांगता येणार नाही. छातीत काहीतरी वर आलं आणि तोंडातून निघालं, “आता सांगतेस? त्या दिवशी तर खिदळत होतीस.”

म्हणून ते भांडण.

“बरं, ते राहू दे,” ती शेवटी म्हणाली. पण आवाज अजून तापलेला. “मला एवढंच सांग. इथं लिहिलंय की मत्रह म्हणजे ‘जिथं काहीतरी टाकतात ती जागा’. पण गादी म्हणजे जागा कशी? गादी ही वस्तू आहे. जागा म्हणजे जागा. हे मला पटत नाही. तू रोज गाद्यांत असतोस, तू सांग.”

मला वाटलं, चिडवतेय. शाळा सोडलेल्याला अवघड प्रश्न घालून मजा बघतेय.

“नाही पटत?” मी काठ्या फेकल्या. “थांब, पटवतो.”

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्या गच्चीवर दोन लोकरी होत्या. एक त्यांची, पांढरीशुभ्र. वसीला जन्मली तेव्हापासून दर ईदच्या मेंढ्याची लोकर तिच्या आईनं धुऊन साठवलेली, तिच्या लग्नाच्या गाद्यांसाठी. आणि दुसरी आमची. माझ्या आजीची जुनी गादी उसवून काढलेली, पिवळी पडलेली. आमच्या शेजाऱ्यानं एक मजला चढवल्यापासून आमच्या गच्चीवर ऊन येत नाही, म्हणून झोहरामावशींनी एका कोपऱ्यात वाळवायला परवानगी दिली होती. मध्ये दोरी बांधलेली. दोरीच्या अलीकडे त्यांचं, पलीकडे आमचं.

मी आमच्या वाळलेल्या लोकरीचं चादरीत बांधलेलं गाठोडं उचललं. “घरात पाहुणा आला,” मी ओरडलो, “पलंग-बिलंग काही नाही. काय करायचं? कोपऱ्यातली गुंडाळी उचलायची आणि ही अशी... टाकायची! जिथं टाकली, ती त्याची जागा! वस्तू आणि जागा एकच! पटलं?”

आणि टाकलं.

गाठ सुटली. नेमका त्याच क्षणी दक्षिणेचा गरम वारा आला, आमच्याकडे जूनमध्ये येतो तसा, भट्टीचं दार उघडल्यासारखा. आजीची पिवळी लोकर उडाली, दोरीवरून गेली आणि एकोणीस ईदच्या पांढऱ्या लोकरीवर जाऊन बसली. भांबावून मी ती पकडायला धावलो, तर पायानं आणखीच कालवली. वसीला पकडायला आली, तर तिनंही कालवली. दोघं गुडघ्यावर, हातात मूठ-मूठ लोकर. तिच्या भुवईवर एक पिवळा पुंजका. मी तो काढायला हात पुढे केला... आणि तसाच राहिला हात, हवेत.

“काढ ना,” ती हळूच म्हणाली.

“काय?”

“जे काढायला आलास ते.”

तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून आवाज आला, “यू-यू-यू-यू-यू!”

शेजारच्या बद्राबाई. कपडे वाळत घालत होत्या. तोंडावर आडवा हात धरून लग्नघरात घालतात तशी लांबलचक किलकारी त्यांनी घातली. त्यांच्या पलीकडच्या गच्चीवरून कुणीतरी साथ दिली. मग खालच्या गल्लीतून.

आमच्यात एका घराच्या लोकरीचा केसही दुसऱ्या घराच्या लोकरीत जात नाही. फक्त एकाच वेळी जातो. सोयरीक ठरली की मुलाच्या घरून लोकरीचं गाठोडं येतं, ते मुलीच्या लोकरीत मिसळतात, आणि मग त्यांच्या गाद्या शिवतात. हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि मी गाठोडं घेऊन भर उन्हात, साऱ्या गच्च्यांसमोर...

वसीलाचा चेहरा डाळिंबासारखा झाला होता. रागानं की कशानं, देव जाणे.

“तू काय केलंस कळतंय का तुला?” ती म्हणाली.

“मी शब्दाचा अर्थ सांगत होतो!”

“छान सांगितलास. गल्लीला कळला.”

संध्याकाळी बासिदी दुकानात आले ते हातात गरम रोटी घेऊन.

“भट्टीवाला फुकट देतोय,” ते म्हणाले. “म्हणतो, मुबारक हो. न्हाव्यानं मला मिठी मारली. जलूल, बाळा, मी म्हातारा झालोय, विसरतो हल्ली. कसलं मुबारक, ते जरा सांग बघू.”

मी सांगितलं. रोटी त्यांनी हळूच बाजूला ठेवली.

“साठ वर्षं,” ते म्हणाले. “साठ वर्षांत माझ्या हातून कुणाची चिमूटभर लोकर इकडची तिकडे झाली नाही. आणि तू?”

“चूक झाली.”

“चूक झाली तर निवड. पांढरी वेगळी, पिवळी वेगळी. केसन् केस. बोटं झडली तरी चालतील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन झोहरामावशींकडे गेले, माफी मागायला. मावशींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. जाड बाई, आवाज मात्र बारीक, सुईसारखा.

“हाजीसाहेब, तुमच्याबद्दल शंका नाही. पण ऐका. शुक्रवारी हिचा बाप येतोय, तिकडं वाळवंटातल्या हासी मसऊदहून, सुट्टीवर. शनिवारी ओरानहून हिची आत्या येतेय. आत्येला तिच्या मुलासाठी हिला मागणी घालायचीय. गाद्यांची लोकर बघायचीय तिला. पिवळे डाग असलेल्या लोकरीवर मी तिला काय सांगू? गुरुवारपर्यंत निवडून व्हायला पाहिजे.”

मी वसीलाकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. आत्येचा मुलगा... हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि मला कशाला सांगतील? मी कोण?

“आणि ही पण बसेल निवडायला,” मावशी म्हणाल्या. “कालवली दोघांनी, बद्रानं डोळ्यांनी बघितलंय.”

मग आम्ही बसलो. सोमवार, मंगळवार, बुधवार. गच्चीवर ताडपत्री ताणून सावली केलेली, मध्ये तो ढीग, आणि जिन्याच्या तोंडाशी झोहरामावशी वाटाणे सोलत. वाटाणे सोलता सोलता कान आमच्याकडे.

पहिल्या दिवशी मी बोललोच नाही. निवडत राहिलो. पण तिच्या हातांकडे लक्ष जायचंच. लोकर उचलायची, उन्हात धरायची, एक डोळा बारीक करायची... सोनार बघतो तशी.

“ही पांढरी की पिवळी?” तिनं विचारलं.

“दिसत नाही का तुला?”

“दिसते. तुझा आवाज अजून आहे का ते बघत होते.”

जिन्यावरून मावशींचा खोकला.

दुसऱ्या दिवशी मीच विचारलं. “तुला दुसरा शब्द मिळाला नाही? इंग्रजीत शब्दांचा दुष्काळ पडलाय का?”

“सरांनी मोठी यादी दिली होती. सोफा होता, साखर होती, लिंबू होतं. सगळे आपल्याकडूनच गेलेले.”

“मग साखर घ्यायचीस. गोड होतीस की.”

“‘होतीस’?” तिनं भुवई उचलली. “आणि आता?”

मी गडबडून पांढऱ्या ढिगात पिवळी टाकली. तिनं ती उचलून परत दिली. बोटाला बोट लागलं. एवढंच. पण एवढ्यानं माझं डोकं दिवसभर जागेवर नव्हतं. हिला नक्की काय पाहिजे? हिला शब्द पाहिजे, की मी? की चार वर्षांपूर्वीचं काहीतरी फेडायचंय? मला कळेना. मला स्वतःचंच कळत नव्हतं, तर हिचं काय कळणार.

“मी हसले नव्हते,” ती थोड्या वेळानं म्हणाली, या वेळी भांडणाशिवाय. “पण गप्प बसले. माझी आजी पण मत्रहच म्हणायची. मला वाटलं होतं तू बरोबर आहेस. हात वर करावासा वाटला... नाही केला. ते हसण्यापेक्षा वाईट ना?”

माझ्याकडे रागाशिवाय दुसरी भाषा कधी नव्हतीच. आणि राग तर सापडेना. खिसे चाचपतो माणूस तसा चाचपला, नव्हता.

“नाही,” मी म्हणालो. “वाईट नाही. पण... हात वर केला असतास तर मी थांबलो असतो.”

तिनं एकदम तोंड फिरवलं. वारा नव्हता, तरी डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं चोळलं.

बुधवारी ती दुपारी उशिरा आली. बसमधून उतरून थेट वर. धापा टाकत.

“झालं भाषण! सर म्हणाले, टाकायची जागा म्हणजे काय, पटवून दे. मग मी ओढणी काढून जमिनीवर... म्हणजे दुसरी, पिशवीतली! आई, पिशवीतली! ती टाकून दाखवली. पाहुणा आला, टाकली, ती त्याची जागा. टाळ्या पडल्या, जलूल! आणि मी सांगितलं की हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. आमच्या वर्गात एक मुलगा होता, नववीत असताना त्यानं हे सगळ्यांत आधी सांगितलं, आणि आम्ही कोणी ऐकलं नाही.”

“तू माझी गोष्ट चाळीस पोरांना सांगितलीस?” मी ताडकन उठलो.

“हो.”

“मला न विचारता?”

“हो!”

“आणि टाळ्या... कोणाला पडल्या?”

“तुला, मूर्खा.”

मी परत खाली बसलो. हातांचं काय करायचं कळेना, म्हणून लोकर निवडायला लागलो. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, मी पांढऱ्यातून पांढरी निवडत होतो.

गुरुवार उजाडला. दोन ढीग जवळजवळ तयार. एक पांढरा, उंच. एक पिवळा, ठेंगणा. मध्ये ओंजळभर राहिलेली. मी मुद्दाम सावकाश काम केलं. तीही सावकाश करत होती. दोनदा मी बघितलं, ती पिवळी पांढऱ्यात सरकवत होती, आणि मी बघतोय हे बघून नजर वळवत होती. पण मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि ती म्हणाली असती, “चुकून गेली,” तर?

संध्याकाळी झोहरामावशी वर आल्या. मागून बासिदी, जिना चढून दमलेले.

“झालं का?” मावशींनी विचारलं.

“एवढीच राहिली,” मी म्हणालो.

मावशी खाली बसल्या. वाटाणे नाहीत, काही नाही, हात मोकळे. मला त्या मोकळ्या हातांची भीती वाटली.

“जलूल, बेटा. मी चार दिवस कान उघडे ठेवून बसलेय. मला आडून बोलता येत नाही. उद्या हिचा बाप घरात असेल. बद्रानं अर्ध्या गावाला सांगितलंय, ते त्याच्याही कानावर जाणार. तेव्हा मला एकच सांग. ते गाठोडं तू रागानं टाकलंस, चुकून टाकलंस, की मनात काही होतं? चुकून असेल तर गोष्ट संपली, कोणी तुला काही बोलणार नाही. शनिवारी आत्या येईल, गाद्या शिवल्या जातील.”

सगळे माझ्याकडे बघत होते. वसीला पण.

आणि मी... आयला, मी काय बोललो असेन? एरवी तोंड बंद होत नाही माझं. मास्तरला उलट बोलतो, पोलिसाला उलट बोलतो. तेव्हा डोक्यात नुसता धुरळा. ती कॉलेजात शिकणारी. मी नववी नापास सुद्धा नाही, नववीतून पळालेला. तिच्या बापाला काय सांगू, मी कोण? आणि खरंच टाकताना मनात काही होतं का? राग होता. पण राग कोणावर येतो माणसाला? कुणावरही येतो का?

“चुकून,” मी म्हणालो.

खालून गल्लीत कुणीतरी चेरी विकत होता, त्याचा आवाज तेवढा येत होता.

वसीला उठली. कपडे झटकले. पांढऱ्या ढिगापाशी गेली, मग पिवळ्या. वाटलं, खाली जाते आता. आणि तिनं वाकून पिवळा ढीग दोन्ही हातांनी उचलला, छातीशी धरला, आणि पांढऱ्यावर टाकला. मग बसली गुडघ्यावर आणि कालवायला लागली. कोपरापर्यंत हात घालून. पीठ मळतात तशी.

“वसीला!” मावशी किंचाळल्या. “अगं काय करतेस?”

“याची चूक होती. निवडून दिली त्यानं,” ती म्हणाली. हात चालूच होते. “ही माझी आहे. आणि ही चूक नाही.”

मग माझ्याकडे वळून, “आता तू रागानं बघ नाहीतर पळून जा. तुला दोनच गोष्टी येतात.”

मी पळालो नाही. कसं काय, माहीत नाही. मी जाऊन तिच्यासमोर बसलो, आणि राहिलेली ओंजळभर लोकर... तीही त्यात टाकली.

“मनात होतं,” मी मावशींना म्हणालो. “मला तेव्हा माहीत नव्हतं. पण होतं.”

मावशींनी कपाळाला हात लावला. “हाजीसाहेब, आता? परत निवडायची का?”

बासिदी जिन्याच्या कठड्याला टेकून उभे होते. दाढीत हसत होते, पण दाखवत नव्हते. “नातवाची चूक मी निवडून घेतली, बाई. तुमच्या मुलीनं कालवलेलं निवडायला मी येणार नाही. माझं वय झालंय.”

“आणि शिक्षण?” मावशींचा आवाज पुन्हा सुईसारखा. “तीन वर्षं आहेत हिची अजून. शिक्षण अर्धं टाकून मी हिला कुठं देणार नाही. ओरानला पण नाही, आणि गादीवाल्याकडे पण नाही!”

“आई!” वसीला म्हणाली. “मला तरी कुठं टाकायचंय?”

“लोकर सुटी ठेवा,” मी म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला. “शिवू नका. मी दर उन्हाळ्यात येऊन झोडपून देईन. तीन वर्षं. लोकर खराब होत नाही. मोकळी राहिली तर चांगलीच होते.”

झोहरामावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे मला नको सांगूस. उद्या जुम्म्याच्या नमाजनंतर ये. आजोबांना घेऊन ये. हिच्या बापाला सांग. त्याला पटलं तर आत्येला मी बघून घेते.”

वसीला मला सोडायला जिन्यापर्यंत आली. अंधारं होतं तिथं, गार.

“तू ‘चुकून’ म्हणालास तेव्हा,” ती कुजबुजली, “मला तुला गच्चीवरून ढकलावंसं वाटलं.”

“मग ढकललं का नाहीस?”

“खाली चेरीवाला होता. त्याचं नुकसान झालं असतं.”

आणि माझ्या दंडावरचा एक पुंजका काढून तिनं मुठीत मिटला. परत दिला नाही.

ही झाली कालची गोष्ट. आज शुक्रवार. रात्रभर डोळा लागला नाही. तिच्या बापाला मी फक्त एकदा लांबून बघितलंय. वाळवंटात तेलाच्या विहिरीवर काम करणारा माणूस, खांदे दारापेक्षा रुंद. त्याला काय सांगू? पहिलं वाक्य काय असतं अशा वेळी? सकाळपासून सतरा वाक्यं जुळवली आणि सतराही मोडली. एकात मी फार हुशार वाटतो, एकात फार गरीब. एकात तर मी त्याच्याशी भांडतोच आहे. बाहेर ऊन असलं की कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. मी खूश आहे की घाबरलोय, हेही मला...

बासिदी दारात उभे आहेत. पांढरा झगा, हातात मिठाईचं ताट, आणि तिसऱ्यांदा हाक मारतायत. नमाज सुटली.

मला आता निघायलाच हवं.